चार तलवारींचं म्यान

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं म्हटलं, की हेच वाक्य वेगवेगळ्या रूपांत परत भेटतं. रिपेअरवाला म्हणतो, "विंडोज उडेल, मग माझ्याकडेच याल." घरचे म्हणतात, "आधीच डिस्क भरलीय, त्यात अजून काय कोंबतोयस?" हॉस्टेलमधला सीनियर म्हणतो, "हिंमत असेल तर पूर्ण लिनक्स टाक, नाहीतर नाद सोड."

एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायच्या आणि तो सुरू करताना त्यातली एक निवडायची, याला ड्युअल बूट म्हणतात. इंजिनिअरिंगला असताना आमच्यातल्या अनेकांना त्याची गरज पडायची. लॅबमधलं सॉफ्टवेअर विंडोजवर चालायचं, आणि जे शिकून पुढे नोकरी मिळणार होती त्यातलं बरंचसं लिनक्सवर. लॅपटॉप मात्र एकच, तोही घरच्यांनी हप्त्यावर घेऊन दिलेला. त्यामुळे हा हौसेचा प्रश्न नव्हता. आहे त्या जागेत दोन बिऱ्हाडं बसवायची होती.

नोकरीला लागल्यावर या दोन बिऱ्हाडांचा इतिहास वाचायला घेतला आणि एक गोष्ट लक्षात आली. पीसीवर हार्ड डिस्कची वाटणी करायची सोय आली, तीच मुळी वेगवेगळ्या सिस्टिम एकत्र नांदाव्यात म्हणून. म्यान करणाऱ्याने ते चार तलवारींसाठी केलं होतं. त्यात दोनसुद्धा मावत नाहीत, हे आपल्याला नंतर पटवलं गेलं.

दहा एमबी, चार वाटे

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यात हार्ड डिस्कच नव्हती. सिस्टिम फ्लॉपीवर यायची. एक फ्लॉपी काढून दुसरी घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं की झाली सिस्टिम बदलून. त्या काळी पीसीवर कोणती सिस्टिम टिकणार हे ठरलेलं नव्हतं. आयबीएमने स्वतःच तीन पर्याय जाहीर केले होते: पीसी डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. निकाल काय लागणार होता ते या दोन आकड्यांतच दिसतं, पण १९८१ मध्ये तिन्ही खेळाडू मैदानात होते.

मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. तुमच्या फोनमधले दोन-तीन फोटो त्यावर मावले असते. तेव्हा मात्र ती चैन होती, आणि मशीनची किंमत ५,००० डॉलरच्या आसपास होती. आता फ्लॉपीसारखी अदलाबदल शक्य नव्हती, कारण डिस्क डब्यात पक्की बसवलेली. मग ज्याला सकाळी डॉस आणि दुपारी सीपी/एम वापरायचंय त्याने काय करायचं?

एक्सटीबरोबर आलेल्या पीसी डॉस २.० मध्ये याचं उत्तर होतं. एफडिस्क नावाचा एक प्रोग्रॅम डिस्कचे एक ते चार वाटे करून द्यायचा. प्रत्येक सिस्टिमने आपापला वाटा घ्यायचा आणि दुसऱ्याच्या वाट्यात पाय ठेवायचा नाही. चारांपैकी एक वाटा 'चालू' असायचा आणि मशीन सुरू झालं की त्यातली सिस्टिम यायची. दुसरी हवी असेल तर एफडिस्कमध्ये जाऊन तिचा वाटा चालू करायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. डॉसला स्वतःला त्या वेळी एकच वाटा वापरता यायचा. उरलेले तीन सरळसरळ शेजाऱ्यांसाठी होते.

म्हणजे जेमतेम १० एमबी जागा असताना, पहिल्याच दिवशी, कंपनीने चार बिऱ्हाडांची तजवीज करून ठेवली होती.

पाचशे बारा बाइटचा सातबारा

ही वाटणी लिहून ठेवायची कुठे? डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, ज्याला पुढे मास्टर बूट रेकॉर्ड हे नाव पडलं. हा सेक्टर एकूण ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट वाटणीच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खूण म्हणून. तक्त्यात चार ओळी, प्रत्येक ओळ १६ बाइटची. वाटा कुठून सुरू होतो, केवढा आहे, चालू आहे की नाही आणि कोणत्या जातीचा आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. जमिनीच्या सातबाऱ्यावर जसं गट नंबर, क्षेत्र आणि कब्जेदाराचं नाव असतं, तसंच.

या सातबाऱ्याला तलाठी मात्र नव्हता. वाट्याची जात सांगायला एक बाइट होता, पण कोणी कोणता आकडा घ्यायचा हे ठरवणारी अधिकृत कचेरी नव्हती. त्यामुळे पुढे गमती झाल्या. पीसीवर चालणाऱ्या सोलारिसने आणि लिनक्सच्या स्वॅपने एकच आकडा उचलला. एकाच डिस्कवर दोन्ही असले तर लिनक्सला सोलारिसचा भरलेला वाटा आपली रिकामी स्वॅपची जागा वाटण्याची भीती असायची. शेवटी सोलारिसने आकडा बदलला.

दुसरी अडचण पहिल्या ४४६ बाइटची. वाटे चार असले तरी दरवाजा एकच होता. त्या जागेत ज्याचा प्रोग्रॅम शेवटचा लिहिला गेला, तो ठरवणार की कोणाला आत घ्यायचं. चौघांनी गुण्यागोविंदाने राहावं अशी अपेक्षा होती, पण नियम कुठेच नव्हता. पुढची सगळी भांडणं याच दरवाजावरून झाली.

सी आणि डी

हळूहळू सीपी/एम मागे पडलं आणि बहुतेकांच्या डिस्कवर एकटं डॉस उरलं. डिस्क मात्र वाढत होत्या. डॉसला एका वाट्यात ३२ एमबीच्या पुढे मोजता येत नसे, त्यामुळे १९८७ च्या डॉस ३.३ ने एका वाट्याच्या पोटात आणखी छोटे वाटे पाडायची सोय दिली. शेजाऱ्यांसाठी केलेल्या खोल्या आता एकट्या डॉसच्या संसाराला लागू लागल्या.

पुढे ही मर्यादा २ जीबीपर्यंत गेली, पण नवीच उधळपट्टी सुरू झाली. फॅट-१६ पद्धतीत एका वाट्याचे जास्तीत जास्त साधारण ६५ हजार तुकडे करता येतात. वाटा जितका मोठा, तितका प्रत्येक तुकडा मोठा. १ ते २ जीबीच्या वाट्यात एक तुकडा ३२ केबीचा होतो आणि एका तुकड्यात एकच फाइल राहते. तुम्ही एका अक्षराची फाइल ठेवलीत तरी ३२ केबी जागा गेली. एक-एक केबीच्या हजार फाइली ठेवल्या तर जवळपास ३२ एमबी गेले. तीच डिस्क लहान वाट्यांत कापली की तुकडे लहान होत आणि जागा वाचत असे. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ येईपर्यंत हीच रीत होती. आजही नव्या कॉम्प्युटरवर 'सी'मध्ये विंडोज आणि 'डी'मध्ये गाणी, फोटो, पिक्चर अशी वाटणी करून देणारे लोक भेटतात. तिचं एक मूळ या जुन्या काटकसरीत आहे.

हेलसिंकीतला दुसरा वाटा

आता १९९१. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने जानेवारीत एक ३८६ पीसी घेतला. ४ एमबी मेमरी आणि ४० एमबीच्या घरातली हार्ड डिस्क. मशीनबरोबर डॉस आलं होतं. त्याला हवी असलेली मिनिक्स ही सिस्टिम पोस्टाने येईपर्यंत तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत बसला. मिनिक्स आल्यावर ती त्याच डिस्कवर बसवली, आणि तिच्या शेजारी तो स्वतःची सिस्टिम लिहू लागला.

सप्टेंबर १९९१ मधलं लिनक्स ०.०१ एकट्याच्या पायावर उभं नव्हतं. ते तयार करायला मिनिक्स लागायचं. दोघांना एकमेकांच्या फाइली वाचता याव्यात म्हणून लिनक्सने मिनिक्सचीच फाइल मांडायची पद्धत उचलली. तिच्यात फाइलचं नाव १४ अक्षरांपुरतं आणि एक वाटा ६४ एमबीपर्यंतच. पुढे लिनक्सने स्वतःची एक्स्ट आणि मग एक्स्ट-२ पद्धत आणली ती याच अडचणींतून सुटायला.

त्यानंतर काही महिन्यांनी एक प्रसंग घडला, जो टोरवाल्ड्सने स्वतः आत्मचरित्रात सांगितलाय. विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला मोडेमवरून फोन लावताना त्याने मोडेमच्या जागी चुकून हार्ड डिस्कचं नाव दिलं. फोन लावायच्या आज्ञा थेट डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि मिनिक्सचा वाटा बाद झाला. मिनिक्स पुन्हा बसवायचं, की आपली सिस्टिम आता पुरेशी झालीय असं मानायचं? त्याने दुसरा रस्ता धरला.

आज ज्याच्यावर जगातले असंख्य सर्व्हर आणि आपले अँड्रॉइड फोन चालतात, ते लिनक्स असं दुसऱ्याच्या शेजारी, ४० एमबीच्या डिस्कवर, उसन्या फाइल पद्धतीवर वाढलेलं आहे. दुसरा वाटा पाडता आला नसता, तर एका विद्यार्थ्याला आपलं एकुलतं एक चालू मशीन मोडून हा प्रयोग करावा लागला असता. किती विद्यार्थी ते करतील?

जागा काढण्याच्या युक्त्या

लिनक्स लोकांच्या हातात पडू लागलं तेव्हा बहुतेकांच्या मशीनवर डॉस किंवा विंडोज आधीपासून होतं आणि पूर्ण डिस्क त्याच्या नावावर होती. एफडिस्कने नवी वाटणी करायची तर जुना वाटा पुसावा लागायचा. बॅकअप घ्यायचा कुठे? दीड एमबीच्या फ्लॉपींवर?

इथून जुगाडाचं पर्व सुरू होतं. आर्नो शेफर या जर्मन प्रोग्रॅमरचा फिप्स हा छोटा प्रोग्रॅम डेटा न पुसता वाटा कापायचा. आधी डॉसमध्ये डिफ्रॅग चालवून सगळ्या फाइली डिस्कच्या सुरुवातीला सरकवायच्या, म्हणजे शेवटी सलग मोकळी जागा उरते, आणि मग फिप्सने ती वेगळी काढायची. मध्येच विंडोजची न हलणारी एखादी फाइल शेवटाजवळ ठाण मांडून बसली असली, तर कापायला काही उरायचं नाही. रेड हॅटसारख्या वितरणांच्या सीडीवर फिप्स सोबतच यायचा. पैसे असणाऱ्यांसाठी पार्टिशन मॅजिक होतं. पुढे ग्नू पार्टेडने हेच काम फुकट आणि जास्त सोपं केलं.

ज्यांना कापाकापीची भीती वाटायची त्यांच्यासाठी यूएमएसडॉस होतं. वेगळा वाटाच नको, 'सी' ड्राइव्हवर लिनक्स नावाच्या फोल्डरमध्ये अख्खी सिस्टिम ठेवायची. डॉसच्या फाइल पद्धतीत मालक, परवानग्या, लांब नावं हे काही नव्हतं, म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये एक जादा फाइल ठेवून त्यात ही माहिती लिहिली जायची. झिपस्लॅक हे स्लॅकवेअरचं छोटं रूप याच पद्धतीने १०० एमबीच्या झिप डिस्कवर बसायचं.

सगळ्यात आवडलेली युक्ती स्वॅपची. मेमरी कमी पडली की सिस्टिम डिस्कची थोडी जागा मेमरीसारखी वापरते. विंडोजला अशी जागा लागायची, लिनक्सलाही लागायची, आणि दोघं एका वेळी कधीच चालू नसायचे. मग दोन जागा कशाला? लिनक्सच्या मार्गदर्शिकांमध्ये एका छोट्या पुस्तिकेत याची रीतच दिलेली होती. लिनक्स सुरू होताना त्या वाट्याचा स्वॅप करायचा आणि बंद होताना तिथे विंडोजला कळेल असा कोरा फॅट वाटा पुन्हा लिहून ठेवायचा. दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या कामगारांनी एकच खाट वापरावी तसं. गिरणगावातल्या खोल्यांबद्दल ज्यांनी ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल.

तरी एक भिंत उरायची. जुन्या बायोसला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं दिसत नसे. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि ५१२ बाइट यांचा गुणाकार केला की साधारण ५२ कोटी ८० लाख बाइट येतात, म्हणजे ५०४ एमबी. लिनक्सचा गाभा त्या रेषेच्या अलीकडे असणं भाग होतं, पण अलीकडची जागा तर विंडोजने आधीच व्यापलेली. म्हणून डिस्कच्या सुरुवातीला छोटासा 'बूट' वाटा काढा, हा सल्ला त्या काळच्या प्रत्येक पुस्तकात सापडतो.

दरवाजावर उभा असायचा लायलो, वेर्नर आल्मेसबर्गरने १९९२ च्या सुमारास लिहिलेला. ४४६ बाइटमध्ये चुकीचा निरोप लिहायलाही जागा नव्हती. म्हणून तो एकेक टप्पा पार पडला की आपल्या नावाचं एकेक अक्षर पडद्यावर टाकायचा. चारही अक्षरं आली की सुटलात. नुसतं 'एल आय' येऊन थांबलं, तर दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला गेलाय पण चालू होत नाहीये. जागेच्या टंचाईतून इतकी नेटकी कल्पना निघालेली मी दुसरीकडे फारशी पाहिली नाही.

सीडी पोस्टाने यायची तेव्हा

आपल्याकडे या गोष्टीत जागेइतकीच आणखी एक टंचाई होती, इंटरनेटची. व्हीएसएनएलने सामान्य माणसाला इंटरनेट द्यायला सुरुवात केली १५ ऑगस्ट १९९५ ला. ३३.६ केबीपीएसच्या मोडेमवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायची तर, एकदाही लाइन न तुटता, सुमारे ४३ तास लागले असते, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. त्यामुळे १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली, तेव्हा अनेक भारतीय वाचकांसाठी लिनक्स मिळवायचा तोच व्यवहार्य मार्ग होता. पुढे उबुंटूने २००५ ते २०११ या काळात जगभर कुठेही मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवल्या. परदेशातून आलेलं ते पाकीट हातात पडल्याचं कौतुक माझ्या आधीच्या बॅचच्या लोकांकडून मी कितीदा ऐकलंय.

सीडी आली तरी घरातला कॉम्प्युटर एकटीचा किंवा एकट्याचा नसायचा. त्यावर वडिलांची टॅली, बहिणीचा प्रोजेक्ट, सगळ्यांचे फोटो. म्हणून वुबीचं महत्त्व. उबुंटू ८.०४ बरोबर २००८ मध्ये आलेला हा इन्स्टॉलर विंडोजमध्ये एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखा चालायचा, उबुंटूला एका मोठ्या फाइलमध्ये बसवायचा, आणि नको झालं की कंट्रोल पॅनेलमधून काढून टाकता यायचा. वाटणी नाही, कापाकापी नाही. १३.०४ पासून तो बंद झाला. पुण्यातल्या लिनक्स यूजर्स ग्रुपसारखे गट होते म्हणून कॉलेजच्या मुलांना निदान कुणाला तरी विचारता यायचं. एका चुकीच्या 'यस'ने घराचा सगळा डेटा जाऊ शकत असताना बाजूला जाणतं माणूस असणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

दरवाजा कोणाचा?

जागेचा प्रश्न युक्तीने सुटत होता. दरवाजाचा तसा सुटणारा नव्हता.

जाँ-लुई गासे यांच्या बी कंपनीने नव्वदच्या दशकात बीओएस नावाची देखणी, वेगवान सिस्टिम केली होती. विंडोजशी थेट लढायचं नाही, तिच्या शेजारी राहायचं, असं त्यांचं धोरण होतं. १९९९ च्या सुमारास जपानमध्ये हिताचीने फ्लोरा प्रिअस हा कॉम्प्युटर विंडोज ९८ आणि बीओएस असा दोन्ही घालून विकायला काढला. पण मशीन सुरू केल्यावर निवड विचारणारा पडदाच यायचा नाही. बीओएस डिस्कवर असूनही लपलेलं. ते उघडायचं तर ग्राहकाने वेगळ्या सूचना वाचून, फ्लॉपीवरून मशीन सुरू करून खटपट करायची. विंडोजच्या परवान्यातल्या अटींमुळे निर्मात्यांना दुसरी सिस्टिम दाखवता येत नाही, असा बीचा आरोप होता. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पामने १ कोटी १० लाख डॉलरना घेतली. २००२ मध्ये बीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि २००३ मध्ये तो २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर मिटला. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली नाही.

ग्राहकाने डिस्कचे पैसे दिले, तिच्यावर दोन सिस्टिम होत्या, जागा दोघींना पुरत होती. तरी दारात कोणाचं नाव लागणार हे ग्राहक ठरवत नव्हता.

२०१० च्या आसपासच्या बऱ्याच लॅपटॉपवर याचं आणखी एक रूप दिसायचं. एक वाटा बूटसाठी राखीव, एक 'सी', एक रिकव्हरीचा, एक कंपनीच्या टूल्सचा. झाले चार. डिस्कवर तीनशे जीबी मोकळे असले तरी पाचवी ओळ लिहायला तक्त्यात जागाच नाही. चार वेगवेगळ्या सिस्टिमसाठी काढलेल्या चारही ओळी एकाच सिस्टिमने भरल्या होत्या. मूळ कल्पनेची याहून मोठी थट्टा मला तरी सापडत नाही.

साडेपाच तास

भारतात ड्युअल बूट करणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव येतो. लिनक्सवर काम करून विंडोजमध्ये परत गेलं, की घड्याळ साडेपाच तास मागे. बॅटरी गेली असं समजून लोक दुकानात जातात. बॅटरी ठणठणीत असते.

मदरबोर्डवरचं बॅटरीवर चालणारं घड्याळ पीसीत आलं १९८४ च्या पीसी एटीबरोबर. त्या वेळच्या डॉसला टाइम झोन हा प्रकार माहीत नव्हता. घड्याळात जे दिसेल ती स्थानिक वेळ. विंडोजने तीच रीत पुढे चालवली. युनिक्सच्या घराण्यात पहिल्यापासून एकच जागतिक वेळ ठेवायची आणि दाखवताना स्थानिक करून दाखवायची, ही पद्धत. आता लिनक्स त्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. दोघांतला फरक आपल्याकडे बरोब्बर साडेपाच तासांचा. एका घरातले दोन भाऊ एकच घड्याळ बघतात आणि दोघंही खरं बोलतात. लिनक्सला एका आज्ञेने 'स्थानिक वेळ ठेव' असं सांगितलं की भांडण मिटतं.

नवं कुलूप

चार ओळींचा सातबारा अखेर जीपीटीने बदलला. त्यात नेहमीच्या रचनेत १२८ वाटे लिहिता येतात, आणि जुन्या तक्त्याची साधारण २ टीबीची मर्यादाही गेली. यूईएफआयमुळे दरवाजाही बदलला. आता ४४६ बाइटसाठी मारामारी नाही. एका छोट्या सामाईक वाट्यात प्रत्येक सिस्टिमने आपलं फोल्डर ठेवायचं. वाड्याच्या चौकात प्रत्येक बिऱ्हाडाचा आपला कोनाडा, असं.

पण २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं. सही असलेलाच प्रोग्रॅम दारातून आत येईल. हेतू चुकीचा नव्हता, कारण सिस्टिमच्याही आधी सुरू होणारे व्हायरस खरोखर असतात. प्रश्न होता सही कोणाची चालणार, आणि व्यवहारात ती मायक्रोसॉफ्टची होती. मॅथ्यू गॅरेटने त्याच वर्षी शिम हा मधला दुवा तयार केला, ज्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेऊन लिनक्स वितरणांना आत जाता येऊ लागलं. नेहमीच्या पीसीवर हे कुलूप मालकाला बंद करता आलं पाहिजे अशी अट होती. एआरएमवाल्या विंडोज उपकरणांवर नेमकी उलटी. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स सुरू होईना. ड्युअल बूट मशीनवर हे लागू होणार नाही असं आधी सांगितलं गेलं होतं.

आज कमी जागेत हे करायचं तर हिशेब असा पडतो. '१२८ जीबी'ची एसएसडी विंडोजच्या मोजणीत ११९ जीबी दिसते. विंडोज ११ स्वतः किमान ६४ जीबी मागतं. लिनक्सला २५-३० जीबीत सुखाने राहता येतं. उरलेलं कामाच्या फाइलींना. सुरू करण्याआधी तीन गोष्टी: बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर, आणि फास्ट स्टार्टअप बंद. तो चालू असला तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सने त्याच्या वाट्यात लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. वाटा लहान करायचा तो विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधून. बाकी काम आता इन्स्टॉलर करतो, आणि ते वीस मिनिटांत होतं, कारण तीस वर्षं कुणी ना कुणी त्यातले खड्डे बुजवत आलंय.

तुमच्या हातातली दुसरी सिस्टिम

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचताय. अँड्रॉइड असेल, तर शक्यता मोठी आहे की तुमच्या हातातही एक प्रकारचं ड्युअल बूटच आहे. २०१६ च्या अँड्रॉइड नूगाटपासून फोनमध्ये 'ए' आणि 'बी' अशा दोन जागा ठेवायची पद्धत सुरू झाली. तुम्ही 'ए'वर रील्स बघत असता तेव्हा नवी आवृत्ती मागच्या मागे 'बी'वर बसते. रीस्टार्ट केलं की फोन 'बी'वरून उठतो. नाहीच उठला, तर परत 'ए'. दोन प्रती ठेवायला जागा जास्त जाते, म्हणून अँड्रॉइड १० ने वाट्यांचे आकार लवचीक केले, आणि ११ मध्ये दुसरी पूर्ण प्रत न ठेवता फक्त बदललेला भाग मोकळ्या जागेत लिहायची सोय आली. अपडेटच्या वेळी 'जागा अपुरी आहे' असं फोन म्हणतो, त्यामागे अनेकदा हेच असतं. मर्यादित डिस्कवर दोन सिस्टिम कशा बसवायच्या, हा १९८३ चा प्रश्न आज अब्जावधी खिशांत रोज सोडवला जातोय.

फरक एवढाच की तिथली दुसरी जागा आपली नाही. बहुतेक फोनचा बूटलोडर कुलूपबंद येतो. तो उघडू द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते, आणि उघडला तर बँकेची काही ॲप्स चालायला नकार देतात. म्यानात आजही दोन तलवारी आहेत, पण दोन्हींची मूठ एकाच हातात आहे.

लॅपटॉपवर मात्र ती दुसरी जागा अजून आपली आहे. हप्त्यावर घेतलेल्या, अर्ध्या भरलेल्या डिस्कच्या लॅपटॉपवरही. ड्युअल बूट आता कशाला, व्हर्च्युअल मशीन आहे, विंडोजच्या आतच लिनक्स चालतं, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही, मीही ऑफिसात तेच वापरतो. पण ४ जीबी रॅमच्या मशीनवर एकात एक दोन सिस्टिम चालवून बघा. ज्याच्याकडे साधनं कमी, त्याला आजही पूर्ण मशीन आलटूनपालटून दोघांना देणंच परवडतं. आणि वाटा स्वतः पाडताना पहिल्यांदा कळतं, की डिस्कच्या पहिल्या पानावर काय लिहायचं हे आपणही ठरवू शकतो. फोनने ही सवय लावलेली नाही, त्यामुळे ती लॅपटॉपवरच लावून घ्यायला हवी.